तिसऱ्या तळ्यावरची भाकरी

आमच्या सोलापूरचा किल्लासुद्धा भुईकोट आहे. चढायचं असं या गावात काही नाहीच. सगळ्यात उंच जागा कुठली विचाराल तर स्टेशनवरचा पादचारी पूल, आणि तिथंही लोक अर्ध्यावर थांबून दम खातात. अशा गावात मी बावीस वर्षं पोरांना हिमालय शिकवला.

शिकवला म्हणजे काय, फळ्यावर काढला. तीन त्रिकोण, त्यांच्या कुशीत एक खोलगट वाटी. या वाटीला हिमगव्हर म्हणायचं, हिमनदी डोंगर कोरून ती करते आणि बर्फ वितळला की तिथं तळं साठतं. मग मी निळा खडू घ्यायची आणि तळं भरायची. एके वर्षी पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, तुम्ही बघितलंय का असलं तळं?" मी म्हटलं, "तू पुस्तकात बघ." अख्खा वर्ग हसला. त्या दिवशी घरी येऊन मी भांडी जरा जास्तच जोरात घासली. पोरीचं काय चुकलं होतं? बघितलंच नव्हतं की मी.

त्यात गुडघा धरला. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडात धरला, म्हणाले, "बाई, कुठं डोंगरबिंगर चढायचा असेल तर या वर्षी चढून घ्या. पुढच्या वर्षी मी हो म्हणेन असं वाटत नाही." तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते. सात रस्ता चौकापर्यंत रिक्षानं आले आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या जाहीर केलं की मी हिमालयात जाणार, एका शिखरावर चढणार, आणि मला कुणी अडवायचं नाही.

अडवायला घरात होतं कोण? आम्ही दोघीच, मी आणि अव्वा. अव्वा म्हणजे माझी आई. माहेर अक्कलकोटच्याही पलीकडचं, त्यामुळं राग आला की कानडी आणि लाड आला की मराठी. ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बी येते की."

"अव्वा, तू सहासष्ट वर्षांची आहेस."

"मला ठावं हाय. माझा गुडघा बरा हाय. तुझाच गेलाय."

कपाळ माझं! तयारी म्हणून आम्ही रोज संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी फिरायचो आणि तिथून स्टेशनला जाऊन तो पादचारी पूल दहादा चढायचो-उतरायचो. अव्वा पायऱ्या कानडीत मोजायची, ओंदु, एरडु, मूरु. तिसऱ्या दिवशी एका हमालानं काळजीनं विचारलं, "मावशी, गाडी चुकली का?" अव्वा म्हणाली, "न्हाई बाबा, गाडी अजून यायचीय."

गणपती उठले आणि आम्ही निघालो. दोन दिवस आगगाडी, मग बस, मग जीप. शिखराचं नाव मी सांगत नाही, तिथं आधीच गर्दी फार झालीय. पायथ्याच्या गावात तंबूंची रांग लागली होती, कर्ण्यावर गाणी चालू होती, वर जाणारी वाट मुंग्यांनी भरल्यासारखी दिसत होती. अव्वा म्हणाली, "ही तर आपल्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा." आमचा वाटाड्या पन्नाशीचा होता, पूर्वीचा मेंढपाळ, स्वतःचं एक खेचर बाळगून असलेला शांत माणूस. तो म्हणाला, मागच्या अंगानंही एक वाट आहे. मेंढपाळांची. एक दिवस जास्त लागतो, वाटेत तीन तळी लागतात, आणि तिकडं कुणी जात नाही कारण फोनला रेंज नाही.

तळी म्हटल्यावर मी पुढचं ऐकलंच नाही. "तीच वाट," मी म्हटलं.

त्या वाटेचे दिवस आता मला सलग आठवत नाहीत. उंचीमुळं डोकं हलकं झालं होतं आणि सगळं जरा झोपेतून बघितल्यासारखं वाटायचं. पुढं खेचराची घंटा, मागं अव्वाचं मोजणं. तिच्या इरकली लुगड्याखाली माझी ट्रॅक पँट, पायात पांढरे बूट, खांद्यावर सोलापुरी चादर. धुकं आलं की ती दिसेनाशी व्हायची, नुसते आकडे ऐकू यायचे. शंभर झाले की ती परत ओंदुपासून सुरू करायची. पुढचे आकडे येत नव्हते असं नाही, शंभरच्या पुढं मोजलं की थकायला होतं, असं तिचं म्हणणं.

पहिलं तळं हिरवं होतं. धुकं एकाएकी बाजूला झालं आणि ते समोर आलं, इतकं जवळ की अजून चार पावलं टाकली असती तर पाय ओले झाले असते. वाऱ्याचा मागमूस नाही, पाण्यावर एक रेघ नाही. मला रडू आलं. बावीस वर्षं मी ज्याला निळा खडू लावत होते ते हिरवंगार निघालं! अव्वा काठावर बसली, पाण्यात बोट बुडवून लगेच काढलं आणि म्हणाली, "आपण नळाची वाट बघत बसतो, आणि हितं बघ, एवढं पाणी उगंच पडून ऱ्हायलंय." तिथं किती वेळ बसलो होतो ते मला खरंच सांगता येणार नाही. सावल्या सरकल्या एवढं आठवतं.

रात्रीचं जेवण म्हणजे आमच्याच पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. पापडासारखी पातळ, खडखडीत वाळवलेली ही भाकरी महिना महिना टिकते. अव्वानं पस्तीस भाकऱ्या साडीत गुंडाळून आणल्या होत्या आणि एकही मोडू दिली नव्हती. वाटाड्याला आवडली. मोडताना होणारा आवाज त्याला फार आवडला.

दुसरं तळं निळं. तिथं आम्ही मुक्काम केला आणि सकाळी जे झालं त्यासाठी हे सगळं लिहितेय.

आमच्याकडे इष्टलिंग गळ्यात असतं. लहान, काळं, बोराएवढं, कापडात गुंडाळून चांदीच्या डबीत ठेवलेलं, आणि डबी दोऱ्यानं छातीशी. दीक्षा घेतली त्या दिवसापासून ते अंगावेगळं करायचं नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. सकाळ-संध्याकाळ ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच अन्नाला शिवायचं. मी यातलं काही पाळत नाही. माझी डबी घरी कपाटात आहे आणि यावरून आमची वर्षातून दोनदा तरी वाजते. पण अव्वानं एक दिवस चुकवलेला मला माहीत नाही. आता डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा तिनं आधी पूजा केली आणि मग स्ट्रेचरवर आडवी झाली.

त्या सकाळी तिनं तळ्याचं पाणी तांब्यात घेतलं, चादर अंथरली, तळहातावर देव घेतला, विभूती लावली. फूल म्हणून काठावरचं एक बारीक जांभळं फूल. डोळे मिटून बसली. मागं तळं, त्यात डोंगर उलटा, आणि माझी अव्वा त्या उलट्या डोंगराच्या टोकावर बसल्यासारखी. पूजा झाली, तिनं चार घास खाल्ले. देव कापडात गुंडाळून चादरीवर ठेवला होता, थंडीनं बोटं वळत नव्हती म्हणून डबी उघडायला वेळ लागत होता. तेवढ्यात गारा सुरू झाल्या. वाटाड्या ओरडला, खेचर बिथरलं. मी म्हटलं, "अव्वा, ऊठ, ऊठ आता!" आणि चादरीवरचं सगळं भराभरा उचललं. विभूती, तांब्या, डबी तिच्या पिशवीत. कापडाची पुरचुंडी कुठं टाकली ते मला कळलंही नाही. धावत सुटलो.

दुपारी तिसऱ्या तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. हे तळं सगळ्यात लहान आणि जवळजवळ काळं. त्याच्या वरच आमचं शिखर. फळ्यावरचा माझा त्रिकोण, अगदी तसाच. तिथं एक मेंढपाळ बाई आपली मेंढरं घेऊन उतरली होती. अव्वाची आणि तिची ताबडतोब गट्टी जमली, एकीला दुसरीचं अक्षर कळत नसताना.

संध्याकाळी अव्वा जेवली नाही. "पोट जड वाटतंय."

मी चिडले. भूक लागली, दमलं, की मी चिडते, घरात सगळ्यांना, म्हणजे तिला, माहीत आहे. "हे बघ, नाटकं करू नकोस. उद्या चढायचंय. खा."

"मी उद्या येत न्हाई," ती म्हणाली. "तू जा. मी हितं बसते हिच्यासंगं. लई झालं माझं."

डबी तिच्या गळ्यात होती. तिनं ती मुठीत धरली होती. मी बघितलं, आणि मला काही वाटलं नाही. ती येत नाही याचं वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. आता मी माझ्या चालीनं चढणार होते.

उजाडताच मी आणि वाटाड्या निघालो. अव्वा तंबूच्या दारात चादर लपेटून उभी होती. "सावकाश जा," म्हणाली. "मोजत जा."

मी मोजत गेले. ओंदु, एरडु. खाली तळं लहान लहान होत गेलं. खडक, बर्फाचे जुने पट्टे, परत खडक. गुडघा कुरकुरत होता पण चालत होता. तीनेक तास झाल्यावर एका खिंडीत थांबलो. वाटाड्यानं वर बोट केलं, अजून एक-दीड तास. दुपारनंतर ढग येतात, उद्या खाली उतरायलाच हवं, तेव्हा आजच, आत्ताच. मी गूळ काढायला जॅकेटच्या आतल्या खिशात हात घातला आणि बोटांना कापड लागलं.

काढून बघायची गरज नव्हती. लहानपणी, चांदीची डबी यायच्या आधी, तापात तिच्या कुशीत झोपायची तेव्हा ते गालाला लागायचं.

तिची डबी रिकामी होती. म्हणजे पोट जड वगैरे काही नव्हतं. काल सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि हे सापडेपर्यंत जाणार नव्हता. ती आत्ता तंबूत सगळं उलटंपालटं करून शोधत असेल. किंवा एवढ्या उंचीवर एकटी दुसऱ्या तळ्याकडं चालू लागली असेल! परत फिरले तर दोन तासांत तिच्या हातात देता येईल. आणि मग शिखर गेलं, या जन्मापुरतं.

वाटाड्यानं विचारलं, काय झालं?

"काही नाही," मी म्हटलं. "चला." आणि वर बोट केलं.

हे मी लिहून टाकते, कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला सगळं कळलं होतं आणि मी वर गेले.

त्या पुढच्या चढाचं मला काहीच आठवत नाही. एकदम माथाच आठवतो. एका खोलीएवढी सपाट जागा, दगडांची रास, आणि चहूकडं आकाश. खाली ढगांतून तिन्ही तळी दिसत होती, एक हिरवं, एक निळं, एक काळं, एकाखाली एक. हिमनदीनं कोरलेल्या वाट्या, त्यांच्यामधल्या धारदार कडा, सगळं खरं होतं. मी पोरांना चुकीचं काही शिकवलं नव्हतं. वारा थांबला होता. कुठून तरी मेंढरांच्या घंटा ऐकू आल्यासारखं वाटलं, एवढ्या उंचीवर ते शक्य नाही. मी बराच वेळ तशी उभी होते, आपण आहोत की नाही हेही विसरून. पण छातीशी तो खिसा होता. त्यात परत हात घालायची माझी हिंमत झाली नाही. ज्या खिशात देव त्याच खिशात गूळ, तोही तसाच राहिला. वाटाड्यानं बिस्किटं पुढं केली, मी मान हलवली.

उतरताना मी पळत होते. गुडघ्याचं काय झालं असेल ते झालं.

अव्वा तळ्याकाठी बसली होती. कुठं शोधत नव्हती, रडत नव्हती. त्या बाईच्या हातातली लोकरीची चाती घेऊन सूत काढायचा प्रयत्न चालला होता आणि सूत सारखं तुटत होतं. चेहरा मात्र उतरलेला, ओठ पांढरे.

"अव्वा! हे बघ, सापडलं! उतरताना सहज खिशात हात गेला तर..."

तिनं चाती ठेवली, तळ्यात हात धुतले आणि डावा तळहात पुढं केला. मी पुरचुंडी ठेवली. तिनं मूठ मिटली.

"तू खिशात टाकलंस तवाच बघितलं होतं मी," ती म्हणाली.

"मग मागितलं का नाहीस?"

"मागून घेतला असता तर परत तुला कसा दिला असता? गळ्यातला देव कुणाला देत न्हाईत. आपसूक गेला तुझ्याकडं. म्हटलं, ऱ्हाऊ दे. वाट बिनवापराची, तू धांदरट. संगं कुणीतरी असू दे." आणि वर, "एक दीस न्हाई जेवलं तर कोण मरतंय?"

मी तिच्या शेजारी बसले. मला मान वर करवत नव्हती.

"वर गेल्यावर लई लांबचं दिसलं असंल," ती म्हणाली. "त्याला काढून दाखवायचं होतंस की जरा."

"मला कुठं माहीत होतं तेव्हा," मी म्हटलं.

"व्हय की," ती म्हणाली. "उतरताना सापडला न्हाई का."

तिनं पूजा केली. दुपारचे अडीच वाजले असतील. काळ्या पाण्यावर शिखर पडलं होतं, विभूतीचा वास येत होता. मग तिनं साडीतून भाकरी काढली आणि मोडली. कड्ड असा आवाज तळ्यावरून पलीकडं गेला आणि परत आला. वाटाड्या हसला. अव्वानं सव्वा भाकरी खाल्ली, चटणी लावून, सावकाश. मी समोर बसून प्रत्येक घास बघितला. आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

याला आता तीन वर्षं झाली. डॉक्टरांचं खरं ठरलं, स्टेशनचा पूल मी चढत नाही. वर्गात मात्र तीन रंगांचे खडू नेते, आणि बघितलंय का म्हणून विचारलं की लगेच हो म्हणते.

मागच्या आठवड्यात अव्वाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाचायला बंदी. मी हे लिहीत बसलेली तिनं ऐकलं, कागदाच्या आवाजावरून ओळखते ती. "काय लिवायलीस?"

"तळ्यांचं."

"वाच की मग."

मी वाचायला घेतलं. भुईकोट किल्ल्यावर हसली, हमालावर हसली. गारांपर्यंत आले तेव्हा तिचा हात डबीवर गेला. मग ती खिंड आली, आणि मी कागद खाली ठेवला.

"थांबलीस का? पुढं वाच."

मी वाचलं. मला सगळं कळलं होतं आणि मी वर गेले, हेही वाचलं. ते वाक्य गाळून पुढं जाता आलं असतं, तिला काय दिसत होतं! पण वाचलं. माथा वाचला, तिन्ही तळी वाचली, शेवटच्या घासापर्यंत वाचलं. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. अव्वा भिंतीकडं तोंड करून पडली होती.

तशीच पडल्या पडल्या तिनं विचारलं, "गूळ खिशात तसाच ऱ्हायला म्हणालीस?"

"हो."

"आणि बिस्किट?"

"नाही खाल्लं. खाली येईपर्यंत काहीच नाही खाल्लं, अव्वा. जाईना तोंडात."

तिनं चाचपडत माझा हात शोधला.

"मग झालं की," ती म्हणाली. "चहा ठेव."